सोन्याच्या झाडावरचा सयाजी

सयाजी वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या अंगावर यायला नको. आजऱ्याला त्याचा काजूचा छोटा कारखाना आहे. तो दारू पीत नाही, आईला उलट बोलत नाही, आणि गाडी चालवताना विनाकारण हॉर्न वाजवत नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या कोल्हापुरात सोन्याहून दुर्मिळ आहे. फक्त मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं. आणि येत्या रविवारी पेठ वडगावात आमचा साखरपुडा होता.

तो माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्याकडं आत्याच्या घरी मुलगी देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी लॉ कॉलेजात कौटुंबिक कायदा शिकवते. इतक्या जवळच्या नात्यात लग्न करू नये असं कायदा सांगतो, आणि त्याच दमात, तुमच्यात तशी रूढी असेल तर करा बापडे, असंही सांगतो. गेली सात वर्षं मी हे फळ्यावर लिहिते आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "म्याडम, म्हंजी मामाची पोरगी चालतीया न्हवं?" चालते, असं मी म्हणते आणि माझ्या हातातला खडू मोडतो.

पण अडचण सयाजीची नव्हतीच, आत्याची होती. मी चार वर्षांची असताना आई गेली. वडील एसटीत कंडक्टर, गारगोटी डेपोला. आज इथं मुक्काम तर उद्या तिथं. सोनूबाईआत्या आली, तिनं मला काखोटीला मारलं आणि वडगावला नेलं. दहावीपर्यंत मी तिच्याकडं वाढले. माझ्या केसांतल्या उवा तिनं काढल्या, गणितात नापास झाले तेव्हा मास्तरांच्या दारात जाऊन तिनं गल्ली गोळा केली, आणि मी वकील व्हायचं म्हणाले तेव्हा "तोंड चालतंय तिचं, हू दे" म्हणून सगळ्या भावकीला गप्प केलं. अशा बाईला नको कसं म्हणायचं? सहा वर्षं ती लग्नाचा विषय काढत होती आणि सहा वर्षं मी "बघू की" म्हणत होते. "बघू की" हा होकारच आहे असं धरून गेल्या महिन्यात तिनं तारीख काढली.

आता माझी बाजू ऐका. सयाजी आणि मी एका बादलीत अंघोळ केली आहे. त्यानं माझ्या वेणीला डिंक लावलाय, मी त्याच्या दप्तरात बेडूक सोडलाय. त्याच्या तुटलेल्या दाताचा तुकडा मी कौलावर टाकलाय. या माणसाच्या गळ्यात हार घालायचा, या विचारानंच मला हसू यायचं आणि मग रडू यायचं.

अशा वेळी सरळ माणसं तोंड उघडतात. मी प्रदर्शन भरवलं.

मध्ययुगात युरोपात चर्चचे कायदे हातानं लिहीत. वासराच्या कमावलेल्या कातड्यावर काळी शाई, निळे आणि तांबडे रंग, आणि मोठ्या अक्षरांच्या पोटात खऱ्या सोन्याचा वर्ख. मजकूर महारुक्ष. कुणाची शपथ खरी मानायची, कुणाचं लग्न मोडायचं, कुठला पाद्री कुणाला शिक्षा करू शकतो. आणि समासात मात्र ससे बिगूल वाजवतायत, गोगलगायी शिपायांवर चालून जातायत. आपल्या सरकारी राजपत्रात असं काही असतं तर मी ते रोज सकाळी चहाबरोबर वाचलं असतं.

या पोथ्यांमध्ये एक पान पुन्हा पुन्हा सापडतं. नात्यांचं झाड. एक दाढीवाला राजा हात पसरून उभा असतो आणि त्याच्या छातीपोटावर, हातांखाली, पायांशी वर्तुळंच वर्तुळं. प्रत्येकात एका नात्याचं लॅटिन नाव. मधलं वर्तुळ म्हणजे तुम्ही. वर आई आणि बाप, बाजूला भाऊ आणि बहीण, मग काका, आत्या, मामा, मावशी, त्यांची मुलं, त्यांची नातवंडं. या झाडावर जो जो आहे, त्याच्याशी लग्न करायचं नाही. रूढीबिढी काही नाही. मी ते पान संगणकावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चर्चवाल्यांचे पाय धरावेत असं वाटलं.

बेत असा होता. गुरुवारी प्रदर्शनाचं उद्घाटन. आत्याला बोलवायचं, झाडापुढं उभं करायचं, आत्याच्या मुलाच्या वर्तुळावर काठी ठेवायची आणि म्हणायचं, बघ आत्या, आठशे वर्षांपूर्वी मोठमोठे साधू काय सांगून गेलेत. बोलणार कायदा, मी फक्त काठी धरणार. हा शुद्ध भित्रेपणा होता, पण तेव्हा मला तो संशोधन वाटत होता. आमचे प्राचार्य बुद्धभूषण सर यांनी एकच प्रश्न विचारला, "रंगीत हाय का?" हो म्हटल्यावर लगेच सही केली.

पानं छापून आणता आली असती, पण छापील सोनं पिवळं दिसतं, सोनं दिसत नाही. म्हणून मी बिंदू चौकामागं निसार पेंटरकडं गेले. निसारभाईंनी एके काळी थिएटरांवरचे वीस फुटी चेहरे रंगवले, कुस्त्यांचे बोर्ड रंगवले, नगरसेवकांचे वाढदिवस रंगवले. फ्लेक्स आला आणि त्यांच्याकडं गाड्यांच्या नंबरप्लेटा तेवढ्या उरल्या. मी पाच पानांची चित्रं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला लावलं.

"कुणी केलंय हे काम?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. नाव लिहीत नसत."

"बेस गडी हाय," निसारभाई म्हणाले. त्यांच्या तोंडून दुसऱ्या पेंटरची ही पहिली स्तुती असावी.

दुसऱ्या दिवशी ते सराफांच्या गुजरीतून सोन्याचा वर्ख घेऊन आले. डिंकाचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग अगदी जवळ तोंड नेऊन त्यावर हा... असा श्वास सोडायचा, म्हणजे तो पुन्हा ओलसर होतो, आणि लगेच वर्ख टेकवायचा. वर अकीकाच्या खड्यानं घोटायचं. हे त्यांना मी सांगायच्या आधी ठाऊक होतं. "आमच्या वस्तादानं शिकवलंय. तुमच्या पाद्र्याला कुणी शिकवलं, त्येच इचारा," ते म्हणाले. लॅटिन अक्षरं त्यांनी एक काना-मात्रा न चुकता उतरवली. वाचता येत नाही, याचं त्यांना काही नव्हतं. मी प्रत्येक नात्याचा मराठी अर्थ एका कागदावर लिहून दिला होता, कुठलं वर्तुळ कुणाचं हे त्यांना कळावं म्हणून. तो कागद त्यांनी जपून ठेवला. इतका जपायला नको होता, हे मला नंतर कळलं.

त्यांची एकच अट होती, काम पुरं झाल्याशिवाय दाखवणार नाही. "आर्धं काम दावलं की गिऱ्हाईक दीड शहाणं हुतंय."

सोमवारी परीक्षा होती आणि मी वर्गावर पहारा करत होते. निसारभाईंचा फोन आला. "म्याडम, त्या झाडावरची वर्तुळं..." ते म्हणाले. समोरचा एक पोरगा बाहीतून चिठ्ठी काढत होता. मी कुजबुजले, "निसारभाई, काय लागलं तर घरी अण्णांना विचारा," आणि फोन ठेवून त्या पोराच्या बाहीला धरलं. अण्णा म्हणजे माझे वडील, दादासो. त्या पोराला मी पकडलं नसतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी निसारभाई पाच चौकटी जुन्या चादरीत गुंडाळून कॉलेजात घेऊन आले. चार उघड्या लावल्या. ससा, बिगूल, गोगलगाय, भांडणारं जोडपं, सगळं जिथल्या तिथं आणि सोनं असं झळकत होतं की पोरं त्यात भांग पाडून बघायला लागली. पाचवी चौकट, म्हणजे झाड, सरांनी पडद्याआड ठेवायला लावली. उद्घाटनाला काहीतरी उघडायला हवं म्हणून. तिच्यावरची चादर निसारभाईंनी आत जाऊन एकट्यानं काढली.

अकरा वाजता आत्या आली. अंगावर ठेवणीतलं इरकल, एका हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात सयाजी. मागं अण्णा. सर भाषण संपवून म्हणाले, "आज आपल्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशींनी पडदा ओढावा." आत्यानं पदर खोचला आणि पडदा असा ओढला की दांडीसकट खाली आला.

झाड फार सुंदर झालं होतं. राजाच्या डोक्यावर मुकुटाऐवजी कोल्हापुरी फेटा होता, पण ते मला दिसलंसुद्धा नाही. कारण प्रत्येक वर्तुळात एक चेहरा होता. आणि सगळे चेहरे माझ्या ओळखीचे होते.

मधोमध मी, पदवीदानाच्या टोपीत. वर डाव्या हाताला अण्णा, खाकी कपड्यात. आत्याच्या वर्तुळात आमच्या शेजारच्या तानाबाई, ज्या आमच्याकडं फक्त टीव्ही बघायला येतात. आणि माझ्या अगदी लगत, खांद्याला खांदा लावून, पीळदार मिशांचा सयाजी. सगळ्यांच्या मागं सोनं.

मागून शिट्टी आली.

"अगं बया!" आत्या ओरडली. "साकरपुड्याचा बोर्ड केलास व्हय गं! आनि मला कळूसुदीक दिलं न्हाईस!"

"आत्या, ऐक..."

"काय ऐकू? डोळं हायत न्हवं मला! सयाजी, बघ की रं, तुज्या मिश्या कशा काढल्यात!" तिनं कमरेची पिशवी सोडली, कुंकवाची डबी काढली आणि बोट बुडवून थेट चित्रापुढं गेली.

"मावशी, हात लावू नगा!" निसारभाई किंचाळले. "रंग वला हाय!"

तोवर माझ्या टोपीवर आणि सयाजीच्या कपाळावर कुंकू लागलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सयाजीचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. लाडवांचा डबा फिरायला लागला. ज्या झाडावर मी माझी सुटका टांगली होती, त्या झाडाखाली माझं लग्न ठरत होतं, आणि मी लाडू वाटणाऱ्या पोरीला "मला नको" एवढं बिनदिक्कत म्हणाले. तेवढं जमलं मला.

मी निसारभाईंना कोपऱ्यात गाठलं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"हे काय केलंत तुम्ही? चेहरे कुणी सांगितले होते?"

"सांगायचं काय त्यात?" त्यांनाही राग आला. "वर्तुळ हाय, खाली नाव हाय, आनि आत तोंड न्हाय, आसा बोर्ड मी चाळीस वर्सांत केला न्हाय. शुभेच्छुकाचं वर्तुळ मोकळं सोडलं की त्यो गडी सकाळी दुकानात येऊन बसतोय, माझंच तोंड का न्हाई म्हणून. मी तुमाला फोन केलता. तुमी म्हणलासा अण्णास्नी इचारा. गेलतो मी घरला. अण्णांनी आल्बम दिला आनि झोपलं. मग तुमचा कागद धरला आनि बसवली की माणसं!"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी चौथ्या चौकटीतल्या सशाकडं बघितलं.

इतक्यात आत्याचा आवाज आला. "व्हय ओ पेंटर, समदं गाव काढलंसा, मी कुठं हाय? माझ्या जागी ही तानाबाई कशी काय बसली?"

"आसं कसं म्हणता, मावशी?" निसारभाई दुखावून म्हणाले. "तुमास्नी सगळ्यात वर बसीवलंय की. हे काय."

तेव्हा मी नीट पाहिलं. माझ्या डोक्यावर, अण्णांच्या शेजारच्या वर्तुळात, आत्या होती. तीस वर्षांपूर्वीची, काळ्याभोर केसांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खाली निसारभाईंनी सोन्यात लॅटिन अक्षरं उतरवली होती. मातेर.

"काय लिवलंय ते?" आत्यानं मला विचारलं.

"आई," मी म्हणाले.

"माझ्या खाली?"

"हो."

"आवो, आल्बम बघितला न्हवं मी," निसारभाई सगळ्यांना समजावू लागले. त्यांना वाटलं त्यांच्या कामावर शंका घेतली जातेय. "ज्या फोटोत म्याडम, त्या फोटोत ही बाई. कुठं कडंवर घेतलंय, कुठं हाताला धरलंय, येका फोटोत तर कान पिळतीया. आई न्हाई तर कोण आसंल? आनि दर फोटोत ह्यो मिशावाला पोरगा, तवा बिनमिशीचा, बाजूला चड्डी सावरत उभा. म्हणून त्येला भावाच्या वर्तुळात घातला. चुकलं काय?"

आईचा आमच्याकडं एकच फोटो आहे. तो भिंतीवर आहे, हाराखाली, आणि अण्णा तो कुणालाच काढून देत नाहीत. अल्बमात आई नाहीच. हे मला माहीत होतं, पण असं कधी दिसलं नव्हतं.

आत्या खुर्चीवर बसली. बोटाला लागलेलं कुंकू तिनं पदराला पुसलं नाही, तसंच धरून ठेवलं. मग तिनं विचारलं, "झाड कसलं हाय हे? काय म्हणायचं हाय त्याला?"

काठी माझ्या हातातच होती. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी मी महिनाभर खपले होते. मी म्हणाले, "या झाडावर जे आहेत, त्यांच्याशी लग्न करायचं नाही, असा तो कायदा आहे. युरोपातल्या चर्चचा. आठशे वर्षांपूर्वीचा."

सरांनी हातातला लाडू हळूच खिशात ठेवला.

"त्यो कायदा ऱ्हाऊ दे तिकडं," आत्या म्हणाली. "तुजं काय म्हणणं हाय?"

मी सशाकडं बघितलं, राजाच्या फेट्याकडं बघितलं. कुणीही मदतीला आलं नाही. आठशे वर्षं, वासराची कातडी, सोनं, निसारभाई, सगळं करून शेवटी माझ्या पुढ्यात तोच एक शब्द उरला होता.

"नको, आत्या," मी म्हणाले.

"काय नगो?"

"सयाजी नवरा म्हणून नको. तो माझा भाऊ आहे गं." आणि मग मी रडले. विद्यार्थ्यांपुढं, सरांपुढं, काठी हातात धरून, भोकाड पसरून रडले.

आत्या उठली. मला वाटलं कान पिळणार. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच हात ठेवला. "आनि सहा वर्सं तोंडाला काय झालतं तुज्या? ह्यासाठनं वकील केली व्हय तुला मी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं की. आत्ता पन वाटतंय." तिचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "लेक म्हणलं की ती दुसऱ्याच्या घरला जातीया. सून केली तर घरात ऱ्हाशील, आसं वाटलं मला. म्हणून हाटून बसलो मी. दुसरं काय न्हाई."

सयाजीच्या तोंडात लाडू होता, तो गिळून तो म्हणाला, "आई, मी पन नगोच म्हणणार हुतो."

"मग म्हणला का न्हाईस, मुडद्या?"

"मला वाटलं वर्षाराणी म्हणंल. वकील ती हाय."

रविवारी साखरपुडा झाला नाही, जेवण मात्र झालं. आचारी सांगितलेला होता, सव्वाशे माणसांना बोलावणं गेलं होतं, आणि आत्या एकदा बोलावलेलं माणूस परत पाठवत नाही. ते झाड तिनं गुरुवारीच कॉलेजातून उचलून नेलं. बुद्धभूषण सर अजून अधूनमधून ते परत मागतात. निसारभाई वडगावला गेले, तानाबाईंना त्यांनी काढून मावशींच्या रांगेत नेलं, आत्याचं नाक तिच्या सांगण्यावरून थोडं सरळ केलं. कुंकू पुसू का म्हणून त्यांनी विचारलं तर आत्या त्यांच्यावर ओरडली.

चौकट घराच्या पुढच्या सोप्यात लावली होती, पंगतीच्या बरोबर समोर. येणारा प्रत्येक जण आधी तिथं थांबायचा आणि बुचकळ्यात पडायचा. साखरपुडा नाही, तर मग कार्यक्रम कसला? आत्याच्या नात्यातल्या विठाबाई चष्मा लावून पुढं झाल्या आणि त्यांनी विचारलंच, "सोनूबाई, पोरगी सून व्हनार हुती न्हवं तुजी? मग ही आता कोण लागती तुला?"

मी आमटीचं पातेलं घेऊन तिथंच उभी होते. आत्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं पंगतीत वाढता वाढता, हातातल्या भातवाढ्यानं सोन्यातली ती अक्षरं दाखवली.

"लेक हाय माझी," ती म्हणाली. "आठशे वर्सांमागच्या पुस्तकात लिवलंय. वाच जा."